सिस्टिक फायब्रोसिस : फुफ्फुसांत ठाण मांडणाऱ्या जिवाणूंना आटोक्यात कसे ठेवावे

सिस्टिक फायब्रोसिस (श्वासनलिकांतील स्राव घट्ट करणारा जनुकीय आजार) असलेल्या व्यक्तीच्या बेडक्याच्या तपासणीत ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जिवाणूचे नाव पहिल्यांदा येते, तेव्हा काही कुटुंबे रुग्णाला त्रास नाही म्हणून तो अहवाल फाइलमध्ये लावून ठेवतात, तर काही जण आता सगळे हाताबाहेर गेले असे समजून हातपाय गाळतात. दोन्ही प्रकारांत नुकसान रुग्णाचेच होते. पहिल्या अहवालानंतरचे काही आठवडे हा जिवाणू समूळ काढून टाकण्याच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल असतात आणि ती वेळ टळून संसर्ग कायमचा झाला, तरीही फुफ्फुसांची झीज मंदावण्यासाठी करता येण्याजोगे बरेच काही उरते. हा लेख रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसे यांच्यासाठी आहे. औषधांची निवड आणि मात्रा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची असते, परंतु त्या उपचारांचा मोठा भाग घरी, रोज आणि वर्षानुवर्षे पार पाडायचा असल्याने त्यामागचे कारण आणि करण्याची पद्धत घरच्यांना नीट माहीत असली पाहिजे.

संसर्ग जात का नाही

या आजाराचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर नावाच्या जनुकात आहे. हे जनुक 1989 मध्ये शोधले गेले. त्याच्या सूचनेनुसार तयार होणारे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ने-आण करते. ते काम बिघडले की श्वासनलिकांच्या आतील पातळ थर कोरडा पडतो, चिकट स्राव घट्ट होतो आणि तो वर ढकलणारे सूक्ष्म केस त्यात अडकून पडतात. निरोगी माणसाच्या श्वासाबरोबरही जिवाणू आत जातातच, पण ते काही तासांत बाहेर फेकले जातात. येथे मात्र ते अडकून राहतात.

पुढची साखळी समजून घेतली की रोजच्या उपचारांमागचे कारण आपोआप उलगडते. अडकलेल्या जिवाणूंवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात, तेथेच मरतात आणि त्यांच्यातील डीएनए बाहेर सांडून कफ आणखी चिकट होतो. त्याच पेशींतून सुटणारी विकरे श्वासनलिकांच्या भिंती कुरतडतात, भिंती सैल होऊन नलिका रुंदावतात आणि रुंदावलेल्या नलिकांत कफ अधिकच साचतो. दरम्यान स्यूडोमोनास स्वतःभोवती अल्जिनेट या बुळबुळीत पदार्थाचे आवरण तयार करून वसाहतीने राहू लागतो. त्या आवरणाच्या आत, प्राणवायू कमी असलेल्या घट्ट कफात, जिवाणूंची वाढ मंदावते. आणि बरीचशी प्रतिजैविके वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंवरच अधिक परिणाम करत असल्याने ती येथे अपुरी पडतात. अहवालात ‘म्युकॉइड’ असा शेरा दिसला, तर जिवाणू या अवस्थेकडे वळला आहे असे समजावे.

लहान वयात बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हे जिवाणू आढळतात. वय वाढते तसे स्यूडोमोनासचे प्रमाण वाढत जाते. स्टेनोट्रोफोमोनास, अक्रोमोबॅक्टर आणि मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस हेही सापडतात. बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातील जिवाणूंची दखल मात्र वेगळेपणाने घ्यावी लागते, कारण ते अनेक प्रतिजैविकांना जन्मतःच दाद देत नाहीत, त्यांच्या काही प्रजातींमुळे प्रकृती झपाट्याने ढासळू शकते आणि फुफ्फुस प्रत्यारोपणाचा निर्णयही त्यांच्यामुळे अवघड होतो. क्षयरोगाच्या जिवाणूंचे दूरचे नातेवाईक असलेले मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस आणि मायकोबॅक्टेरियम एव्हियम यांच्यासाठी तपासणीही निराळी करावी लागते.

नमुना : तब्येत ठणठणीत असतानाही

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते येथे. खोकला वाढला की तपासणी करायची, ही सवय या आजारात घातक ठरते, कारण स्यूडोमोनासचा सुरुवातीचा संसर्ग अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता होतो. म्हणून निदान दर तीन महिन्यांनी, तब्येत उत्तम असली तरी, श्वसनमार्गातील नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

बेडका देता येत असेल, तर तो छाती मोकळी करण्याच्या व्यायामानंतर द्यावा. आधी साध्या पाण्याने चूळ भरून घ्यावी, खोलवरून हफ करून (तोंड उघडे ठेवून श्वास जोराने बाहेर सोडून; पद्धत पुढे दिली आहे) खाकरावे आणि आलेला घट्ट कफ थेट निर्जंतुक डबीत घ्यावा. तोंडातली फेसाळ लाळ उपयोगाची नसते. डबी शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ असे ठळक लिहिलेले आहे ना, हे स्वतः पाहावे. ही बाब किरकोळ वाटते, परंतु बर्कहोल्डेरियासारखे संथ वाढणारे जिवाणू ओळखण्यासाठी विशेष माध्यम वापरावे लागते आणि आजाराचे नाव ठाऊक नसेल, तर नेहमीच्या पद्धतीत त्यांच्यावर इतर जिवाणू मात करून त्यांना झाकून टाकतात.

लहान मुले कफ गिळून टाकतात. त्यांच्या घशाच्या मागच्या बाजूला कापसाचा बोळा धरून मूल खोकत असताना नमुना घेतात. मात्र अशा नमुन्यात काही सापडले नाही म्हणून फुफ्फुसे स्वच्छ आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. शंका कायम राहिली, तर तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढतात, किंवा दुर्बिणीने श्वासनलिका धुऊन ते पाणी तपासतात.

अहवाल तारखेनुसार एका वहीत लावत जावे. संसर्ग ‘कायमचा’ केव्हा म्हणायचा याचा एक सर्वमान्य निकष 2003 पासून वापरात आहे : गेल्या बारा महिन्यांत ज्या महिन्यांत नमुने दिले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक महिन्यांत स्यूडोमोनास आढळला, तर तो चिरकारी संसर्ग, निम्म्या किंवा त्याहून कमी महिन्यांत आढळला, तर अधूनमधून होणारा. वर्षभरात दोनच नमुने दिले असतील, तर हा निकष लावण्यात फारसा अर्थ उरत नाही.

स्यूडोमोनास पहिल्यांदा सापडला तर

रुग्णाला खोकला असो वा नसो, उपचार लगेच सुरू करावे लागतात. सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे श्वासावाटे घ्यायचे टोब्रामायसिन हे प्रतिजैविक, 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग 28 दिवस. काही केंद्रांत श्वासावाटे कोलिस्टिन आणि त्याच्या जोडीला तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन अशी योजना काही आठवडे ते तीन महिने चालवतात. बहुसंख्य रुग्णांच्या पुढच्या नमुन्यांत जिवाणू दिसेनासा होतो. परंतु तो पुन्हा येऊ शकतो, म्हणून कोर्स संपल्यावर ठरलेल्या अंतराने फेरतपासणी करावी. मधल्या दिवसांत बरे वाटते म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडू नये. मुळात त्रास नव्हताच, त्यामुळे बरे वाटणे हा येथे निकष होऊच शकत नाही.

रोजचा क्रम आणि त्यामागचे कारण

संसर्ग चिरकारी झाल्यावर जिवाणूंची संख्या आणि त्यांनी पेटवलेला दाह कमी ठेवणे हे उद्दिष्ट उरते. त्यासाठीच्या औषधांचा क्रम बदलला, तर त्यांचा परिणाम घटतो.

सर्वप्रथम श्वासनलिका सैलावणारे औषध, म्हणजे सालब्युटामॉलचा पंप घ्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी 7 टक्के तीव्रतेचे मिठाचे पाणी नेब्युलायझरमधून (द्रव औषधाचे श्वासावाटे घेण्याजोगे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून) घेतात. ते श्वासनलिकांच्या पृष्ठभागावर पाणी ओढून आणते आणि कफ ओला करते. याच पाण्याने, विशेषतः पंप आधी न घेतल्यास, छाती आवळू शकते, म्हणून पहिली मात्रा दवाखान्यात, देखरेखीखाली घ्यावी. डॉर्नेज अल्फा हे औषध वर सांगितलेल्या मृत पेशींच्या डीएनएचे तुकडे करते. ते बहुधा दिवसातून एकदा 2.5 मिलिग्रॅम दिले जाते, त्याची वेळ फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवावी आणि ते दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळून घेऊ नये. त्यानंतर छाती मोकळी करण्याचा व्यायाम करावा आणि अगदी शेवटी श्वासावाटे घ्यायचे प्रतिजैविक घ्यावे. कफ बाहेर पडण्याआधी प्रतिजैविक घेतले, तर ते कफाच्या थरावर बसते आणि खोकल्यासरशी बाहेर पडते.

व्यायामाच्या पद्धती अनेक आहेत : श्वसनाचे सक्रिय चक्र, स्वनियंत्रित निचरा, श्वास सोडताना दाब देणारी किंवा कंपने निर्माण करणारी साधने, थरथरणारे जॅकेट. यांतील अमुक एक सर्वांसाठी श्रेष्ठ आहे असे दिसून आलेले नाही. जी पद्धत रुग्ण रोज कंटाळा न करता करील, ती त्याच्यासाठी योग्य. मात्र हफ सर्वांनाच यावा लागतो, आणि तो घाईने केला की वाया जातो. पाठ ताठ ठेवून बसावे. हनुवटी किंचित वर घ्यावी. मध्यम आकाराचा श्वास घेऊन दोन-तीन सेकंद धरावा, म्हणजे हवा कफाच्या मागे पोहोचते. मग तोंड गोल उघडून, घसा न आवळता, आरशावर वाफ सोडतो तसा श्वास जोराने पण दीर्घ बाहेर सोडावा. कफ लहान नलिकांत असेल, तर लहान श्वास घेऊन लांबवर हफ करावा; कफ वर सरकल्याची घरघर जाणवली की मोठा श्वास घेऊन आखूड हफ करावा आणि शेवटी एकदाच खोकावे. दोन हफनंतर काही वेळ शांत, पोटाने श्वास घ्यावा. सतत जोराने खोकत राहिल्याने नलिका आकसतात आणि दमच जास्त लागतो.

नेब्युलायझरचा कप

स्यूडोमोनास ओलाव्यात राहणारा जिवाणू आहे, आणि ओलसर नेब्युलायझर ही त्याला थेट फुफ्फुसात पोहोचवणारी वाट ठरू शकते. वापर झाल्याबरोबर कपाचे सर्व भाग सुटे करावेत, उरलेले औषध झटकून टाकावे आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक भाग, विशेषतः औषध फवारणाऱ्या छिद्राभोवतीची जागा, घासून धुवावी. त्यानंतर निर्जंतुकीकरण करावे : भाग उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून 5 मिनिटे ठेवावेत, किंवा बाळाच्या बाटल्यांसाठीच्या वाफेच्या यंत्रात ठेवावेत. साधनाच्या माहितीपत्रकात मुभा असेल, तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 5 मिनिटे किंवा 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये 30 मिनिटे बुडवूनही काम होते. मात्र यानंतर भाग नळाच्या पाण्याने विसळू नयेत, निर्जंतुक पाण्यानेच विसळावेत. व्हिनेगर अनेकांच्या घरात या कामासाठी वापरले जाते, पण ते पुरेसे ठरत नाही.

शेवटची आणि सर्वाधिक वेळा वगळली जाणारी पायरी म्हणजे वाळवणे. भाग स्वच्छ कागदावर एकमेकांना न टेकवता, उघड्या हवेत पसरून ठेवावेत आणि थेंबही उरला नाही याची खात्री झाल्यावरच जोडावेत. दिवसातून चार वेळा औषध असेल, तर एकच कप दर वेळी पूर्ण वाळणे शक्य होत नाही; अशा घरी दोन-तीन संच असणे ही चैन नसून गरज आहे. जाळीच्या नेब्युलायझरमध्ये औषध नेहमीपेक्षा हळू संपू लागले, तर जाळीची छिद्रे बुजल्याची शक्यता असते.

दीर्घकाळ चालणारी प्रतिजैविके

चिरकारी स्यूडोमोनाससाठी श्वासावाटे टोब्रामायसिन साधारणपणे 28 दिवस चालू आणि 28 दिवस बंद अशा पाळीने देतात. दोन मात्रांमध्ये शक्यतो बारा तासांचे अंतर असावे, ते सहा तासांपेक्षा कमी कधीच नसावे. अॅझट्रिओनामही अशाच पाळीने, पण दिवसातून तीनदा घेतात. कोलिस्टिन बहुधा खंड न पाडता चालते. त्याची पूड पाण्यात मिसळल्यावर लगेच वापरावी, आदल्या दिवशी तयार करून ठेवू नये, कारण द्रावणात राहिल्याने त्यातून फुफ्फुसाला अपायकारक घटक तयार होतात. बंद असलेल्या महिन्यात प्रकृती खालावत असेल, तर दुसरे औषध आलटून-पालटून देण्याचा पर्याय असतो. म्हणून त्या महिन्याची लक्षणे वेगळी नोंदवून ठेवावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत.

आठवड्यातून तीनदा घ्यायचे अॅझिथ्रोमायसिन अनेकांना दिले जाते. ते स्यूडोमोनासला थेट मारत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः दाह कमी करण्यासाठी होतो. ते सुरू करण्यापूर्वी बेडक्यात मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. त्या जिवाणूंवरच्या उपचारात याच गटातील औषध मुख्य असते आणि ते एकटे दिल्यास जिवाणू त्याला सरावतात. नंतरही दर वर्षी ती तपासणी करावी. श्रवणशक्ती आणि हृदयाचा आलेख यांकडेही लक्ष ठेवावे लागते.

प्रकृती बिघडू लागली तर

बिघाड ओळखायचा, तर नेहमीची स्थिती ठाऊक हवी. रोज साधारण किती कफ पडतो, त्याचा रंग कसा असतो, किती जिने चढल्यावर दम लागतो, वजन किती आहे, स्पायरोमेट्रीत (नळीत जोराने फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीत) एका सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण किती आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. खोकला रात्री जागवू लागला, कफ वाढला किंवा गडद झाला, भूक मंदावली, वजन घटले, नेहमीच्या कामाने थकवा येऊ लागला किंवा स्पायरोमेट्रीचा आकडा सुमारे 10 टक्क्यांनी घसरला, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. ताप नाही म्हणून थांबू नये. या बिघाडात ताप अनेकदा येतच नाही. उपचारांनंतरही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांची फुफ्फुसांची क्षमता पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही, असे निरीक्षण आहे.

तीव्र बिघाडात शिरेतून, बहुधा दोन वेगवेगळ्या गटांची प्रतिजैविके दिली जातात. किती दिवस द्यावीत याबाबत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, सुरुवातीलाच चांगला उतार पडलेल्या प्रौढांना 10 दिवस हे 14 दिवसांइतकेच उपयोगी ठरले, आणि तसा उतार न पडलेल्यांना 14 ऐवजी 21 दिवस देऊन अधिक लाभ झाला नाही. या आजारात शरीर काही औषधे लवकर बाहेर टाकत असल्याने मात्रा नेहमीपेक्षा मोठ्या असतात. नव्या रुग्णालयात गेल्यास मागच्या वेळची मात्रा आणि रक्तातील पातळी यांची नोंद सोबत न्यावी. टोब्रामायसिनसारखी औषधे मूत्रपिंड आणि कान यांना अपाय करू शकतात. कानात आवाज येऊ लागला, तोल जाऊ लागला किंवा लघवी कमी झाली, तर लगेच सांगावे आणि त्या दिवसांत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

अहवालात अनेक औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ (जिवाणू या औषधाला दाद देत नाही) अशी रांग पाहून खचून जाण्याचे कारण नाही. चिरकारी संसर्गात प्रयोगशाळेतील संवेदनशीलता आणि रुग्णाला प्रत्यक्ष पडणारा फरक यांचा मेळ फारसा बसत नाही. एकाच बेडक्यात त्याच जिवाणूचे निरनिराळे वागणारे प्रकार एकत्र नांदत असतात आणि श्वासावाटे दिलेल्या औषधाची कफातील पातळी प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या कित्येक पट असते. पूर्वी कोणत्या औषधाने गुण आला, ही तुमची नोंद म्हणूनच डॉक्टरांना मोलाची असते.

बेडक्यात रक्ताच्या एक-दोन रेषा दिसल्या, तर कळवावे. चमचाभर, म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर रक्त पडले, तर त्याच दिवशी संपर्क साधावा. रक्त भळाभळा येत असेल, तर मिठाचे पाणी आणि छातीचा व्यायाम तत्काळ थांबवावा, कोणत्या बाजूने रक्त येते हे कळत असल्यास त्याच कुशीवर झोपवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. छातीत अचानक एका बाजूला कळ येऊन धाप लागली, तर फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याची शक्यता असते. तेव्हाही थांबू नये.

परस्परांपासून अंतर

सांगताना मनाला सर्वांत जड जाणारा नियम हा आहे : सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या दोन व्यक्तींनी, त्या एका घरातील नसल्यास, समोरासमोर एकत्र येऊ नये. बर्कहोल्डेरिया आणि स्यूडोमोनासचे काही वाण रुग्णांकडून रुग्णांकडे पसरल्याचे स्पष्ट झाल्यावर अशा रुग्णांची एकत्र शिबिरे बंद करावी लागली. रुग्णालयात परस्परांत निदान 2 मीटर अंतर ठेवावे, मास्क वापरावा आणि प्रतीक्षागृहात शक्य तितका कमी वेळ घालवावा. ज्याचा दुःखभार आपल्यासारखाच आहे त्यालाच भेटता येऊ नये, हे किशोरवयीन मुलांना फार लागते. त्यांना फोनवर, पडद्यावर मनमोकळे बोलण्याची सोय घरच्यांनी आवर्जून करून द्यावी. निरोगी मित्रांबरोबर खेळण्यास आणि शाळेत जाण्यास काहीही हरकत नसते. गरम पाण्याचे सार्वजनिक कुंड आणि साचलेले पाणी टाळावे, आणि इन्फ्लुएन्झाची लस दर वर्षी घ्यावी.

नव्या गोळ्या सुरू झाल्यावर

सीएफटीआर प्रथिनाचे काम सुधारणाऱ्या औषधांपैकी पहिले, आयव्हाकाफ्टर, 2012 मध्ये आले, आणि 2019 मध्ये आलेल्या तीन औषधांच्या संयोगाचा लाभ खूप मोठ्या संख्येतील रुग्णांना होऊ शकतो. कफ कमी होतो, वजन वाढते, बिघाडांची संख्या घटते. जिवाणूंची संख्याही लक्षणीय घटते, पण संसर्ग जुना असेल, तर बहुतेकांच्या फुफ्फुसांतून जिवाणू पूर्णपणे जात नाहीत. ज्यांची फुफ्फुसे चांगल्या स्थितीत होती, अशांनी तीन औषधांचा संयोग चालू असताना मिठाचे पाणी किंवा डॉर्नेज थांबवले तरी सहा आठवड्यांत विशेष घट दिसली नाही, असे 2022 मधील एका अभ्यासात आढळले. पण हा निष्कर्ष दीर्घकाळाचा नाही आणि बरीच झीज झालेल्या फुफ्फुसांना तो तसाच लावता येत नाही. त्यामुळे कोणते औषध केव्हा सोडायचे, हे डॉक्टरांशी बोलून, एका वेळी एकच औषध कमी करून आणि स्पायरोमेट्रीवर लक्ष ठेवून ठरवावे.

कफ पडेनासा झाला की नमुना देणेही मागे पडते. अशा वेळी घशातील बोळ्याचा किंवा मिठाच्या वाफेनंतर काढलेल्या बेडक्याचा पर्याय डॉक्टरांकडे आपणहून मागावा आणि तीन महिन्यांचे वेळापत्रक तसेच चालू ठेवावे. तसेच या गोळ्यांची इतर औषधांशी आंतरक्रिया होते : रिफॅम्पिसिनमुळे त्यांची रक्तातील पातळी इतकी घसरते की गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते, तर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि इट्राकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे ती पातळी वाढवतात आणि गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते. मायकोबॅक्टेरिया किंवा बुरशी यांवर उपचार ठरत असतील, त्या दिवशी चालू औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांच्या समोर ठेवावी, मग ते डॉक्टर कितीही वर्षांच्या ओळखीचे असोत.